गोधडीच्या बदल्यात

आखातातल्या ईसा टाउनच्या जुन्या बाजारात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ताहिरची बायको खदिजा महिन्यापूर्वी गावी वारली होती. आता कुठे लीव्ह मिळाली म्हणून तो गावी जाण्यासाठी बॅग शोधत होता. सोबत त्याच्या खोलीत राहणारा गाववाला फराज होता.

"तिकडे काही नाही. यल्ला, चला ताहिरभाई," फराज त्याचा हात ओढत म्हणाला. पण ताहिर थांबला होता. एका दुकानात भांड्यांखाली गोधडी अंथरली होती आणि तिच्या मधोमध त्याच्या लग्नातल्या निळ्या सदऱ्याचा तुकडा होता. खदिजाने ती आजारपणात शिवून फराजबरोबर पाठवली होती. वजन जास्त झालं म्हणून मुंबईच्या विमानतळावर काढावी लागली, असं फराजने सांगितलं होतं.

दुकानदार फराजला बघून हसला. "क्यों भाई, इसके बदले जो ले गए, वो कंबल गरम निकला ना?"

फराजचा चेहरा उतरला. "मला वाटलं, भाबी दुसरी शिवेल."

ताहिरने भांडी एकेक करून बाजूला ठेवली आणि तो गोधडीवर बसला. "जा, ते ब्लँकेट आणून ह्याला परत दे. तोवर मी उठत नाही."

फराज गर्दीत दिसेनासा झाला. ताहिरने निळ्या तुकड्यावर हात ठेवला. खदिजा गेल्याचा फोन आला तेव्हा तो थरथरत होता. फराजने तेच ब्लँकेट त्याच्या अंगावर घातलं होतं, आणि ताहिरला वाटलं होतं, परमुलखात सख्खा भाऊ मिळाला.