अर्धं कुंकू

"आज्जी, हात लावू नका हो! अहो आज्जी!"

सुलक्षणा ओरडली खरी, पण तोवर साखरबाईंनी वाटीत कालवलेलं कुंकू दगडाला लावलंही होतं. एका बोटानं नाही, चांगलं पाची बोटांनी. वर चिमूटभर हळद. मग पदर सावरून त्यांनी दगडाला नमस्कार केला आणि मागे वळून म्हणाल्या, "अगं, वरडतीस काय अशी? अहेव गेलेल्या बाईचा हात हाय ह्यो. पोटुशी सून घिऊन आलो, आन् तसंच माघारी जायचं व्हय?"

झालं! एकीनं लावलं म्हटल्यावर बाकीच्या कशाला मागे राहतात? राहू गावाहून जीपा भरून बायका आल्या होत्या. दोरी ओलांडून एकेक पुढे झाली. हिरव्या साडीतली, फुलांच्या दागिन्यांनी मढलेली सूनबाईही आली, आणि तिनं तर दगडाच्या पायाशी ओटीचा नारळ ठेवला. सुलक्षणा मध्ये उभी राहून "ताई नका, काकू नका" करत होती. तिच्याकडे बघतंय कोण!

दौंडच्या या नगर संग्रहालयात बघायला म्हणून कोणी फारसं येत नसे. जुन्या तलवारी, नाणी, रेल्वेचे कंदील, आसपासच्या शेतांत सापडलेले कोरीव दगड. शाळेच्या सहली सोडल्या तर दिवसभर पंखाच फिरायचा. मग पालिकेनं मोठा हॉल भाड्यानं द्यायचा ठरवला. 'सभा, बैठका व घरगुती समारंभांसाठी' असा बोर्ड बाहेर लागला, आणि काय सांगावं, गर्दीच गर्दी. दुकानदारांच्या बैठका झाल्या, निरोप समारंभ झाले. एका बारशाला तर तोफेच्या तोंडाला फुगे बांधले होते. फोटो झकास येतात म्हणे. दगड मात्र हॉलमध्येच राहिले, कारण ते हलवायचे तर क्रेन लागली असती. म्हणून त्यांच्याभोवती दोरी बांधली आणि दोरीपाशी सुलक्षणाला उभं केलं. येईल त्याला 'हात लावू नका' म्हणायचं, ही तिची नोकरी.

साखरबाईंनी कुंकू लावलं ती होती सतीशिळा. कोपरात वाकून वर उचललेला बाईचा हात, मनगटभर बांगड्या, वर चंद्र-सूर्य. बाकी कुठल्या दगडाला कधी कोणी फूल वाहिलं नव्हतं. पण बांगड्यांचा हात दिसला की बायकांना राहवत नसे. आजवर सुलक्षणानं कशीबशी थोपवलं होतं. आज राहूच्या बड्या बापूसाहेबांच्या घरचं डोहाळजेवण, आणि साखरबाई म्हणजे बापूसाहेबांची आई. त्यांना अडवणार कोण? संग्रहालयाचे व्यवस्थापक इंद्रजीत सर दारातच उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं, आणि बापूसाहेबांनी पुढे केलेला पेढा तोंडात टाकून छताकडे बघायला लागले.

जीपा गेल्या तसे सर धावत आत आले.

"पुसा ते! आधी पुसा! दुपारच्या डेमू गाडीनं पुण्याचे साहेब येतायत. पुरातत्त्वाचे. त्यांनी हे बघितलं ना, तर हॉल बंद. हॉल बंद म्हणजे तुम्हीपण घरी आणि मीपण घरी."

सुलक्षणा जागची हलली नाही.

"सर, कुंकू हाय ते."

"मला दिसतंय ना बाई, कुंकू आहे ते! गुलाल असता तरी पुसायलाच लागला असता. मऊ कापड घ्या, नुसतं पाणी वापरा, साबण नको. आणि हे बघा, बापूसाहेबांच्या घरी कळता कामा नये. सून पोटुशी आहे. उद्या काही इकडचं तिकडं झालं तर आपल्या डोक्यावर."

म्हणजे सरसुद्धा घाबरले होते. पण त्यांची भीती वेगळी आणि सुलक्षणाची वेगळी.

आता तुम्ही म्हणाल, दगडावरचा डाग तो काय आणि तो पुसायला घाबरायचं काय. पण ज्या घरात बांगडी फुटली तर 'वाढली' म्हणतात, मंगळसूत्र तुटलं तर 'वाढलं' म्हणतात, त्या घरात सुलक्षणा लहानाची मोठी झाली. आंघोळीच्या वेळी कपाळावरून पाणी ओघळलं तरी ती आरशापुढे जाऊन आधी टिकली चाचपायची. कुंकू पुसणं हे दोन शब्द तिनं आयुष्यात स्वतःच्या तोंडानं उच्चारले नव्हते. आणि सर ते तिला हातानं करायला सांगत होते, तेही सतीच्या हातावरून.

त्यातून तिचा नवरा ज्ञानदेव रेल्वेत कीमन. हातोडी आणि पाना घेऊन रुळांतून चालत जायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, गाडी आली की बाजूला व्हायचं. मागच्या हिवाळ्यात त्याचा जोडीदार एका गाडीच्या वाटेतून बाजूला झाला आणि शेजारच्या रुळावरून दुसरी आली. तेव्हापासून लांबलचक भोंगा वाजला की सुलक्षणा हातातलं काम टाकून कान द्यायची. आणि दौंडसारख्या जंक्शनात भोंगा कधी वाजत नाही? दिवसभर बिचारी घाबरलेलीच असायची. लोकांना वाटायचं, बाई शांत आहे.

"सर, माझं माणूस लायनीवं हाय," ती कशीबशी म्हणाली. "मला न्हाई जमायचं. काढून टाका पायजे तर."

सरांनी कपाळाला हात लावला. इकडेतिकडे पाहिलं. हॉलच्या कोपऱ्यात रंगुबाई फुलांचा कचरा लोटत होती.

"अरे, मग रंगुबाई आहेत की! त्या पुसतील." आणि आवाज जरासा खाली आणून म्हणाले, "त्यांना काय आता."

हलक्या आवाजात म्हणाले, पण ते वाक्य हॉलभर ऐकू गेलं. रंगुबाईचा झाडू थांबला. सर ऑफिसात निघून गेले.

रंगुबाई संग्रहालयाची झाडलोट करायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. समारंभ असला की ती मागच्या खोलीत भांडी विसळत बसायची, ओटीच्या वेळी तर मुद्दाम बाहेरच यायची नाही. कोणी तिला तसं सांगितलं नव्हतं, आणि ये असंही कोणी कधी म्हटलं नव्हतं. सुलक्षणानंसुद्धा.

तिनं बादली आणली, धोतराचं जुनं फडकं भिजवलं, पिळलं. "सरक गं. बिनकामाचं रडू नगंस. आमच्यात असलं काय मानत न्हाईत. दगूड हाय. पुसला की झालं."

सुलक्षणाला इतकं हायसं वाटलं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

रंगुबाई दगडापुढे बसली. फडकं उचललं. आणि तशीच बसून राहिली.

"काय झालं मावशी?"

"काय न्हाई."

"मग?"

"पुसते की. दम खा जरा."

फडक्यातून पाणी टपटप फरशीवर पडत होतं. सुलक्षणा वाकून बघते तर फडकं दगडापासून वीतभर अलीकडेच थांबलेलं.

"मावशी, तुमी तर मानत न्हाई ना?"

"न्हाईच मानत!" रंगुबाई एकदम खेकसली. मग तिचा आवाज बसला. "मानत न्हाई गं. पर भीती काय मानण्यावं असती व्हय? संघर्ष गाडीवं हाय माझा."

संघर्ष तिचा एकुलता एक मुलगा. शिरूरला खोली घेऊन राहायचा, तिथल्या कारखान्यातला माल ट्रकनं नाशिककडे न्यायचा.

"सकाळीच निघालाय. समदी म्हणत्यात, रंगुबाईचं काय जायचं ऱ्हायलंय? सर म्हणलं तसंच. न्हवरा गेला म्हंजी बाईला गमवाया काय उरतच न्हाई, असं वाटतंय समद्यास्नी. पोरगा हाय की मला! रातच्याला फोन वाजला की माझं काळीज कसं व्हतंय, कोण ईचारतंय का?"

सरांचं बोलणं ऐकून सुलक्षणाच्याही मनात तेच आलं होतं, अगदी तेच. बरं झालं, रंगुमावशी आहे.

ती फरशीवर रंगुबाईच्या शेजारी बसली. समोर तो लालभडक हात. संग्रहालय उघडलं तेव्हा एका पाहुण्यानं माहिती सांगितली होती, नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा हा दगड म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. सुलक्षणाला आज पहिल्यांदा वाटलं, तीही भ्याली असेल. किती भ्याली असेल माय! आणि तिला कोणी विचारलं असेल का?

"आना ते फडकं," ती म्हणाली.

"अगं पर तुझा न्हवरा..."

"आना म्हणते ना!"

रंगुबाईनं फडकं सोडलं नाही. दोघीही ते धरून बसल्या. शेवटी रंगुबाईच म्हणाली, "असं करू. अर्धं तू पूस, अर्धं मी. वाटून घिऊ. काय आलंच तर कुणा एकीच्या बोकांडी नगं. अर्धं अर्धं झालं तर सोसंल."

हिशेब कसला हा! देवाघरी असं वाटून मिळतं का, हे दोघींनाही ठाऊक नव्हतं. पण त्या घटकेला सुलक्षणाला ते फार पटलं. तिनं बांगड्यांवरून फडकं फिरवलं. 'तुमी सांभाळून या, तुमी सांभाळून या,' असं ओठांतल्या ओठांत चाललेलं. मग रंगुबाईनं चंद्र-सूर्य पुसले, खालचे ओघळ पुसले. पाणी लाल झालं. ते मोरीत ओतायला दोघींचा धीर होईना, म्हणून बाहेर कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं. बादली दोघींनी मिळूनच उचलली होती.

पुण्याचे साहेब आले. तलवारींपुढे उभे राहिले, तोफेबरोबर फोटो काढून घेतला, सरांच्या खोलीत चहा घेतला आणि पुढच्या महिन्यात त्यांच्या खात्याची बैठक घ्यायला हा हॉल मिळेल का, असं विचारून गेले. सतीशिळेकडे त्यांनी पाहिलंही नाही. सर एवढे खूश झाले की सुलक्षणाला म्हणाले, "बघा, उगाच घाबरत होता तुम्ही."

घरी येताना सुलक्षणानं ज्ञानदेवला फोन लावला. उचलला नाही. लायनीवर असला की तो उचलत नसेच, पण आज तिनं पुन्हा लावला, आणि पुन्हा. रेल्वे कॉलनीत दिवे लागले. त्याच्याबरोबरची माणसं सायकली ढकलत आली, आपापल्या घरांत शिरली.

"आमचे कुटं हायती ओ?" तिनं एकाला विचारलं.

"मागं व्हते की. येतील."

येतील म्हणजे काय? ती फाटकापाशी जाऊन उभी राहिली. आतल्या बाजूनं एक मालगाडी निघाली. लांबलचक भोंगा दिला मेल्यांनी. डबे संपता संपेनात. बोटांच्या पेरांत लाल राहिलं होतं, ते ती पदरानं घासत होती आणि मनात एकच, मी कशाला हात लावला, आगं आई, मी कशाला हात लावला!

गाडी गेली. पलीकडून खांद्यावर हातोडी टाकून, चालत, ज्ञानदेव येत होता. हातात पंक्चर झालेली सायकल.

"काय गं? हितं काय करतीस?"

"फोन कशाला दिलाय तुमाला? देव्हाऱ्यात ठेवायला?" ती जी सुरू झाली ती रस्त्यातच रडायला लागली. ज्ञानदेव बावचळून गेला. "अगं, बॅटरी उतरली. आन् चाकात खिळा घुसला. झालं काय? कुणी काय बोललं का तुला?"

ती घरी आली, तोंड धुतलं, भाकरी टाकायला बसली. आता तिला हसूच येत होतं. काय पण आपण! दगड तो दगड. तव्यावरची भाकरी टम्म फुगली आणि फोन वाजला. रंगुबाईचा.

"आलं का गं तुझं माणूस?"

"आले मावशी! आत्ताच आले. सायकल पंक्चर झालीती नुसती."

"आलं ना? बरं झालं बाई. बरं झालं."

"आन् संघर्ष?"

"त्येचा न्हाई लागत. ती बाई बोलती त्यातली, संपर्काच्या भाईर हाय म्हून. घाटात असंल. सांच्याला करतो म्हनला व्हता. ठिवते मी. त्येनं लावला तर लागायचा न्हाई."

सुलक्षणानं तवा उतरवला. गॅस बंद केला. भाकऱ्या फडक्यात गुंडाळल्या.

"कुटं निघालीस?" ज्ञानदेवनं विचारलं.

"रंगुमावशीकडं. भाजी वाढून घ्या तुमी."

रंगुबाई दारातच बसली होती, उंबऱ्याला टेकून. फोन पुढे जमिनीवर ठेवलेला. सुलक्षणा शेजारी टेकली. भाकऱ्या दोघींच्या मध्ये ठेवल्या, त्या कोणी सोडल्या नाहीत.

"तू कशापायी आलीस?" रंगुबाई म्हणाली. "तुझा आला की. जा घरी."

"जाते की, त्याचा फोन आल्यावर," सुलक्षणा म्हणाली. "अर्धं माझं हाय ना."

फोनचा उजेड विझला, तसा रंगुबाईनं बोटानं तो पुन्हा लावला. तिच्या नखात अजून लाल होतं.