उलट्या चिठ्ठ्या

बहात्तर साल. मावळातल्या भात संशोधन केंद्रावर पावसाने पाठ फिरवलेली, आणि वाळल्या वाफ्यांत एकच ओळ हिरवी उभी होती. चंद्रिका तिच्यासमोर उभी होती. आई जाऊन महिना झाला होता.

ती ओळ आईच्याच हातची. कस्तुराबाई केंद्रावर रोजावर होती. सकाळी भाताचं फूल उमलायच्या आत कात्रीने त्याचं टोक छाटायचं, चिमट्याने सहाही केसर उपटायचे आणि दुसऱ्या जातीचा पराग वर झटकायचा, हे काम तिच्याइतकं कुणाला साधत नसे. गावठी भात आणि सुधारित भात यांचा संकर तिने दोन्ही बाजूंनी केला होता: एका ओळीची आई गावठी, दुसरीची सुधारित. गावठीचं बी पवनाकाठच्या त्यांच्याच शेतातलं. ते शेत आता धरणात गेलं होतं.

केंद्राचे प्रमुख गंगाधर साहेब यांचा तर्क असा, की पेशीत श्वसन चालवणारे तंतुकण रोपाला बहुतेक आईकडूनच मिळतात. तेव्हा गावठी आई असलेली ओळ दुष्काळात तगावी. तगली होती उलटी. तिच्या चिठ्ठीवर गावठीचं नाव दुसरं होतं, म्हणजे बापाच्या जागी.

"कस्तुराबाईंचा हात चुकला असेल," साहेब हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही ओळी काढून टाकू."

चंद्रिकेला तो दिवस लख्ख आठवत होता. केंद्रावरच्या तिच्या नोकरीचा पहिलाच आठवडा. आई गावठीच्या वाफ्यात वाकलेली, आणि चिठ्ठ्या लिहीत होती ती स्वतः. शाळेच्या दाखल्यापासून सगळीकडे बापाचंच नाव लिहायची सवय. तिने आधी बाप लिहिला, मग आई. केंद्राची रीत उलटी आहे हे पुढच्या आठवड्यात कळलं, पण नोकरी कच्ची होती. ती गप्प राहिली. आईने विचारलंही होतं, "आई कोन त्ये नीट लिव्हलंस न्हवं?" तिने हो म्हटलं होतं.

नोकरी अजून कच्चीच होती.

"हात नाही चुकला, साहेब. चिठ्ठ्या मी उलट्या लिहिल्या."

साहेबांनी वाकून ओळीवरची चिठ्ठी पुन्हा वाचली. मग म्हणाले, हे वर कळवावं लागेल, आणि नुसत्या शब्दावर निष्कर्ष निघणार नाही. संकर पुन्हा करावा लागेल.

"करीन," ती म्हणाली. "फुलं मीच छाटीन."

"तोवर ओळ राहू दे," ते म्हणाले.

त्याच दुपारी तिने लेखी दिलं. फुलं कस्तुराबाईंनी छाटली, बरोबर छाटली, एवढं वाक्य तिने वेगळ्या ओळीवर लिहिलं आणि खाली सही केली.