मेन बंद करून ठेवलेला हात

बसा हो, घाई कसली? टेस्टरची गोष्ट सांगतो. लांब नाही, पण मधेच उठायचं नाही. अर्धी ऐकून गेलेला माणूस त्याला शिव्या घालत जातो. पुरती ऐकलीत तर शिव्या घालाल, पण जरा हलक्या हाताने.

टेस्टर म्हणजे आपला वायरमन. शर्टाच्या खिशात दुसरं काही नसलं तरी टेस्टर असणारच, म्हणून हे नाव. आंघोळीलाही बनियनला अडकवून जातो, असं त्याची बायकोच सांगायची. कामाला वाघ. कुठल्याही जुनाट इमारतीत नेऊन उभा करा, भिंतीवर हात फिरवून सांगेल, वायर इथून गेलीय अन् इथे जळलीय. आणि एक नियम जिवापाड पाळायचा. नव्या जोडावर लोड टाकायचा नाही. आधी मेन बंद. तीस वर्षं झाली, त्याला साधा झटकासुद्धा बसला नाही.

तर झालं काय, एका दुकानाच्या पाटीची भलीमोठी काच त्याने कामासाठी घरी आणली आणि दारामागे टेकवून ठेवली.

"अहो, ती काच हलवा तिथून. कुणाच्या तरी अंगावर येईल," बायको म्हणाली.

"उद्या हलवतो."

उद्या उजाडायच्या आत काच आली. बायकोच्या उजव्या दंडात घुसली, कोपराच्या चार बोटं वर. रक्त थांबलं, पण मनगट खाली पडलं ते पडलंच. हात पुढे केला की पंजा नुसता लोंबायचा, बोटं सरळ होईनात. आणि बाई शिवणकाम करणारी! कापड मशीनखाली सरकवायचं तर मनगट उचलायला नको?

डॉक्टरीणबाईंनी दंड उघडून आतली नस शिवली, केसाहून बारीक दोऱ्याने. मग टेस्टरला समोर बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. वर मेंदू. तिथून पाठीच्या कण्यातून एक जाड दोर खाली उतरतो. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना आणखी फांद्या, पार बोटांच्या टोकापर्यंत. काही धाग्यांतून हुकूम खाली जातो, उचल, पकड, सोड. काहींतून खबर वर येते, गरम आहे, टोचलं, दुखलं.

टेस्टर खूश. "म्हणजे जाणारी लाइन वेगळी अन् येणारी वेगळी! बाई, हे तर आमचंच काम."

"तसं समजा. पण तुटल्यावर खालचा धागा मरतो. उरते ती रिकामी नळी. त्या नळीतून नवा धागा वरून खाली वाढत यायला हवा."

"मग स्प्रिंग घालून ओढू की! आम्ही पाइपातून वायर तशीच ओढतो."

"ओढता येत नाही हो. तो आपला आपण वाढतो. दिवसाला साधारण एक मिलिमीटर."

टेस्टरचा चेहरा उतरला. "माझा जोड दहा मिनिटांत होतो. मग आम्ही काय करायचं?"

"वाट बघायची. आणि तीन आठवड्यांनी पट्टी सुटली की दुसऱ्या हाताने मनगट आणि बोटं उचलून हलवत राहायचं, दिवसातून चार-पाच वेळा. नाहीतर सांधे धरतील."

यातलं 'वाट बघायची' तेवढं टेस्टरच्या डोक्यात शिरलं.

पट्टी सुटली. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी एकदा करून दाखवलं. घरी आल्यावर बायकोने डाव्या हाताने उजवा पंजा उचलला आणि "आई गं!" म्हणाली. टेस्टर स्वयंपाकघरातून धावत आला.

"अगं ए, काय करतेस? जोड ओला आहे अजून!"

"ओला कसला? नस आहे ती, भिंत नाही."

"नव्या जोडावर लोड नको. मेन बंद ठेवायचा."

"ताई म्हणाल्यात, हलवा."

"ताईंनी आजवर किती जोड मारलेत?"

"आणि तुम्ही किती नसा?"

तोंडाला तोंड दिलं खरं, पण हात तिने खाली ठेवला. हलवलं की कळ मस्तकात जायची. नवरा 'नको' म्हणतोय, हेही तिला बरंच वाटलं. त्याने जुन्या चादरीची झोळी करून हात पोटाशी बांधला. स्वयंपाक त्याने केला, तिची वेणी त्याने घातली, पहिल्यांदा अशी की ती आरशात बघून पोट धरून हसली. ताईंचा फोन आला की सांगायचा, "होय होय, करतो ना चार वेळा." त्याला ते खोटं वाटतच नव्हतं. तो तर नस वाचवत होता!

डॉक्टरीणबाई दंडावर बोटाने टिचक्या मारून बघायच्या. जिथे मारल्यावर अंगठ्याच्या मागे मुंग्या उठतात, धागा तिथवर पोचला. टेस्टरने ही युक्ती उचलली. दर रविवारी टिचकी मारायचा आणि पेनाने रेघ ओढायचा. दर महिन्याला रेघ दोन बोटं खाली. कोपर ओलांडलं तेव्हा त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून तिचा हात दाखवला.

पाचव्या महिन्यात एका सकाळी कोपराखालचं मांस थरथरलं. दोघं तसेच दवाखान्यात.

"उचला बघू मनगट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मांस ताठ झालं. करंट आला होता, बरं का! पण पंजा हलेना. बाईंनी स्वतः धरून उचलून बघितला. तरी हलेना. बोटं आत वळून बसलेली.

"रोज किती वेळा हलवत होता?"

बायको पटकन म्हणाली, "मीच कंटाळा केला, बाई."

"खोटं बोलतेय ती," टेस्टर म्हणाला. "मी बांधून ठेवला होता. मेन बंद करून."

बाईंनी पंजा अलगद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "अहो, वायर आली तुमची. पण दाराचं बिजागर गंजलं."

"उघडेल ना?"

"प्रयत्न करू. किती उघडेल, सांगता यायचं नाही."

तेव्हापासून टेस्टरने काम सोडलंय. सकाळपासून तिचा हात कोमट पाण्यात धरून बसतो. मनगट वर दाबतो. ती ओरडली की सोडतो, आणि सोडलं की स्वतःवर चिडून पुन्हा दाबतो. दाबलं तर तिचा जीव जातो, न दाबलं तर हात. घरभर लोकांचे मिक्सर, इस्त्र्या उघडून पडल्यात, एकाला बोट लावत नाही. पट्टीने मोजतो, दोन महिन्यांत बोटभर वर आलंय म्हणतो. ताई म्हणतात, तेवढंही नाही.

परवा मी गेलो होतो. तो पाणी तापवायला आत गेला, तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाली, "भाऊजी, यांना तासभर तरी कुठे घेऊन जा हो. हाताचं दुखणं सोसेन मी. त्यांचं तोंड बघवत नाही."

मी तरी रोज कुठे नेऊ? तेव्हा एवढं करा. घरातला एखादा पंखा बंद पडला असेल, तर बोलवा त्याला. पडला नसेल, तरी बोलवा.