आईचा पहिला तास

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या आईने बेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठात प्रवेश घेतला. आठवडाभर ती वही-पेन पिशवीत भरत होती आणि पुन्हा बाहेर काढत होती.

"अगं, कोणी खात नाही तुला," म्हणत लेकीने तिला फाटकापर्यंत सोडलं.

वर्ग शोधून ती दारात पोहोचली, तोच सगळी मुलं उठून म्हणाली, "गुड मॉर्निंग, मॅडम!"

मी तुमच्याच वर्गातली, हे तिने सांगितलंच नाही. "बसा," एवढंच बोलून ती आल्या पावली परत फिरली.

"कसा झाला तास?" संध्याकाळी लेकीने विचारलं.

"छान."

दुसऱ्या दिवशीही ती डबा घेऊन वेळेवर निघाली. बसथांब्यावर विद्यापीठाची बस तीनदा येऊन गेली. ती काही उठली नाही.