आतला पत्ता

उत्तर नाही.

पुन्हा. उत्तर नाही.

नेटवर्कवाले साहेब ऑफिसातून घरच्या कॅमेऱ्याला हाका मारत होते. सकाळी आईला चक्कर आली होती. "जा रे तू, मला काय धाड भरलीय!" म्हणाली, म्हणून ते आले. घरी ती एकटीच.

मग आठवलं. राउटर काल त्यांनीच बदलला होता.

(घरातल्या प्रत्येक यंत्राला आतला एक पत्ता असतो. बाहेर मात्र सगळी एकाच पत्त्याने वावरतात. आतून कोणी काय मागितलं ते राउटर लक्षात ठेवतो, उत्तर आलं की त्यालाच पोचवतो. न मागता दारात आलेलं टाकून देतो. बाहेरून कॅमेऱ्यापर्यंत वाट हवी, तर तसं आधी सांगून ठेवावं लागतं. ते राहिलं होतं.)

टाकून देतो, म्हणजे "नाही" एवढंही म्हणत नाही. बंद दार आणि मेलेलं घर बाहेरून सारखंच दिसतं.

मेलेलं हा शब्द त्यांनी मनातल्या मनात खोडला.

मोबाइल गेटवर जमा. टेबलावरचा फोन. रिंग. रिंग. ती उचलणार नाही. ऑफिसातून कोणीही फोन केला तरी पलीकडे एकच नंबर दिसतो, आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही, हे त्यांनीच तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

निघावं. त्यांनी पिशवी उचलली. तेवढ्यात हॉलच्या टोकाकडून ऑपरेटरबाईंचा वैतागलेला आवाज आला.

"आजी, कितीदा सांगू, इथे भोपळ्या कोणी नाही! ऑफिस आहे हे, भाजीबाजार नव्हे."

हॉलभर हशा.

"खरं नाव सांगा ना त्याचं... आठवत नाही? अहो, रडू नका." रिसीव्हरवर हात ठेवून बाई उभ्या राहिल्या. "कोणी भोपळ्या आहे का हो? आजी म्हणतायत, याच नंबरवरून फोन आला होता, माझा मुलगाच असणार."

घाबरली की तिला त्यांचं शाळेतलं नाव सुचत नाही. भोपळ्या हे नाव ठेवणारे वडील गेले, त्या नावानं चिडवणारी आत्या गेली. आता ते एकाच डोक्यात उरलं होतं.

टक्कल पडलेल्या, कधी न हसणाऱ्या साहेबांचा हात वर गेला.

"मी," ते म्हणाले. "फोन ठेवू नका."

टेबलांमधून धावताना तो हात वरच राहिला होता.