ओडेसाबाईंची घंटा

मी घंटा बोलतेय, पितळेची, लाकडी मुठीची. मधली कितीतरी वर्षं माझ्या लोलकाला फडकं बांधलेलं होतं, म्हणून बोलायचं राहून गेलं.

मला कुठे ओतलं ते आठवत नाही. आठवतं ते अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातलं स्वीटगम गाव आणि काळ्या मुलांची शाळा. ओडेसाबाई दारात उभ्या राहून मला वाजवायच्या, की मुलं उंचीप्रमाणे रांगेत. बुटकी पुढे, उंच मागे. रांग वाकडी झाली तर बाईंची टपली ठरलेली.

मग कोर्टाचा हुकूम आला. काळी-गोरी मुलं एकाच शाळेत शिकतील. गावाने हुकूम पाळला तो असा, की गोऱ्यांची शाळा ठेवली आणि आमची पाडली. बाक, करंडक, फोटो कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेले. बाईंना नव्या शाळेत कोणी घेतलं नाही. त्या लोकांच्या घरी इस्त्री करू लागल्या. ट्रकमधून मला त्यांनीच उचललं आणि फडकं बांधलं. "आता बोलवायचं कोणाला?" एवढंच म्हणाल्या.

हे जग सोडून जाण्याआधी त्यांनी मला वर्लीनच्या हाती दिलं. वर्लीन त्यांची विद्यार्थिनी, गोऱ्या शाळेत पाठवलेल्या पहिल्या मुलांपैकी एक.

ती मुलं गोऱ्या शाळेत पहिल्यांदा गेली, त्या दिवसाचं स्मरण करायचं यंदा गावाने ठरवलं. चर्चपासून मिरवणूक, गाणी, मैदानात सगळ्यांचं जेवण. आणि गोऱ्या शाळेच्या पायऱ्यांवर वर्लीनने मला वाजवून दार उघडायचं.

तेव्हापासून तिला चैन नाही. मला कपाटातून काढते, पुसते, परत ठेवते. आदल्या दिवशी तव्यातला मक्याचा पाव करपला तरी तिला कळलं नाही.

"ताई, घंटा वाजवायचीय, घर नाही पेटवायचं," तिचा भाऊ लूशियस म्हणाला.

"गप रे. त्याच दारात थुंकले होते माझ्यावर."

"म्हणून तर तूच उघडायचंस!"

"आणि आपलं दार बंद केलं, ते कोण सांगणार? पत्रिकेत बाईंचं नावसुद्धा नाही. समारंभाच्या समितीकडे बोलायला वेळ मागितला, तर म्हणे तुम्ही फक्त घंटा वाजवा."

लूशियसने करपलेला तुकडा तोंडात टाकला. "बरं मग. घंटा तर दिलीय ना?"

त्या रात्री वर्लीनने मला कपाटात परत ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मिरवणूक आमच्या शाळेच्या मोकळ्या जागेपाशी आली. तिथे आता गुडघाभर गवत आहे. वर्लीन थांबली.

"मिस वर्लीन, शाळा पुढे आहे," समितीतल्या एक बाई हळूच म्हणाल्या.

"ती पुढे आहे. ही इथे होती."

फडक्याची गाठ बाईंची होती, सुटेना. वर्लीनने ती दातांनी सोडली. पहिला आवाज घोगरा निघाला, दुसरा खणखणीत.

मिरवणुकीतून पांढऱ्या केसांची माणसं बाहेर पडली. कोणी काठी टेकत, कोणी टोपी काढून. कोणी काही सांगितलं नव्हतं. गवतात त्यांनी रांग धरली. पण रांग चुकली! ज्याने-त्याने लहानपणची जागा धरली होती. सगळ्यात पुढे ओटिस, जो तेव्हा सर्वांत बुटका होता.

"अरे ताडा, मागे जा! काही दिसत नाही," लूशियस ओरडला.

"माझी जागा हीच. बाईंनी दिलीय," ओटिस म्हणाला आणि त्याला हुंदका आवरेना.

वर्लीनने टाचा उंचावून त्याला टपली मारली. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आमच्या बाईंचं नाव ओडेसा ट्रॅमेल."

गोऱ्या शाळेच्या पायऱ्यांवर मी वाजलेच नाही. ते दार वर्लीनने हाताने ढकललं.

आता समितीला मी हवी आहे, काचेच्या कपाटात ठेवायला. ठेवा. पण कपाटाला कुलूप लावू नका आणि लोलकाला काही बांधू नका. रांगेत कुठे उभं राहायचं, ते ओटिसला अजून आठवतंय.