इसोतानी स्टेशनासमोरचं कारंजं

चौक हा लोकशाहीचा श्वास आहे. ज्या शहरात माणसं उघड्या आभाळाखाली समोरासमोर उभी राहतात, त्या शहराला पुन्हा कुणी युद्धात ओढून नेऊ शकत नाही. हिराइवा शिगेओ यांनी हे वाक्य १९५७च्या नोव्हेंबरात, इसोतानी स्टेशनासमोरच्या नव्या कारंज्याच्या उद्घाटनाला म्हटलं, तेव्हा शहराने जोरात टाळ्या वाजवल्या. टाळ्या चौकाच्या कडेने, दुकानांच्या पत्र्यांखालून आल्या. समुद्राकडून वारा सुटला होता आणि कारंजं मंचावरच्या महापौरांना भिजवत होतं. लोकशाहीचा श्वास घ्यायला मध्ये कुणी थांबलं नव्हतं.

हिराइवा तेव्हा तिशीचे होते आणि नगरपालिकेच्या पुनर्बांधणी खात्यात आराखडे काढत होते. बॉम्बवर्षावात इसोतानी एका रात्रीत इतकं साफ जळालं होतं की स्टेशनाच्या पायरीवर उभं राहिलं की समुद्र दिसायचा. त्या राखेवर त्यांनी चौक काढला. चौक म्हणजे काय हे इसोतानीत कुणाला ठाऊक नव्हतं. रस्ता ठाऊक होता, देवळाचं अंगण ठाऊक होतं. मोकळी जागा दिसली की तिच्या कडेने जायचं, एवढंच वळण लोकांच्या पायांना होतं. चौकाच्या मधोमध हिराइवांनी काँक्रीटच्या पाच प्रचंड पाकळ्या उभ्या केल्या, आभाळाकडे उघडणाऱ्या, आणि त्यांच्या पोटातून पाणी. नाव ठेवलं शांतीचं कारंजं. लोक म्हणत, तीन हात कुणीतरी कापून खाल्लेला ऑक्टोपस.

पुढे हिराइवा टोकियोला गेले, तिथे नाव बऱ्यापैकी झालं, आणि त्यांनी चार मोठ्या इमारती बांधल्या. ग्रंथालय पाडलं, कारण त्याहून मोठं ग्रंथालय हवं होतं. व्यायामशाळा भूकंपाच्या नव्या नियमात बसली नाही. नगरभवनाचं नगरच शेजारच्या नगरात विलीन झालं. चित्रपटगृहाच्या जागी गाड्या उभ्या राहतात. यातल्या एकाही वेळी त्यांना कुणी कळवलं नाही. दोनदा वर्तमानपत्रातून समजलं, दोनदा टॅक्सीच्या खिडकीतून. एकाहत्तराव्या वर्षी त्यांच्या नावावर उभं असं एकच उरलं होतं, ते इसोतानीचं कारंजं. आणि त्यावर त्यांचं नाव नव्हतं. पितळी पाटीवर त्या वेळच्या महापौरांचं होतं.

हे नाव मागायला ते १९९८च्या फेब्रुवारीत इसोतानीला निघाले. इतकी वर्षं मागितलं नव्हतं, कारण आपणच आपलं नाव मागणं शोभत नाही. आता न शोभण्याइतकं वय झालं होतं.

"सरळ तोंडाने मागा," फुमिए, त्यांची बायको, बूट पुसता पुसता म्हणाली. "नाहीतर खोका पुढे सरकवाल आणि गप्प बसाल. ते खोका घेतील आणि तुम्ही परत याल."

"मी काही लहान नाही."

"लहान असता तर मागितलं असतं."

खोका योकानचा होता, टोकियोतल्या जुन्या दुकानातल्या गोड वड्यांचा. खरं तर हिराइवा दर नोव्हेंबरात इसोतानीला जातच असत. उद्घाटनाच्या वाढदिवसाला पालिकेचं बोलावणं न चुकता येई. फलाटावर गाडी उभी असे, चौकात मांडव असे, मांडवात लाल खुर्ची असे. महापौर बदलत, पण ओळख तीच करून दिली जाई: "ज्यांच्याशिवाय आजचा दिवस उजाडला नसता, ते हिराइवा सेन्सेई." मग हिराइवा चार शब्द बोलत, हे शहर पुन्हा जळता कामा नये असं म्हणत, आणि त्या वाक्याला दर वर्षी त्यांचा आवाज फुटे. लगेच पाचही पाकळ्यांमधून पाणी उसळे. अग्निशमन दलाचे जवान पूर्ण गणवेशात हजर असत. मुलं जाड टोपड्या घालून येत. आज्या बादल्या घेऊन येत. शांतीचं पाणी लोक घरी नेतात, यावर हिराइवांनी वास्तुकलेच्या एका मासिकात लेख लिहिला होता. लिहिताना ते रडले होते.

पण मांडवात, महापौरांच्या शेजारी बसून, स्वतःसाठी काही मागता येत नाही. म्हणून फेब्रुवारी, म्हणून न कळवता.

स्टेशनाच्या पूर्व दारातून ते बाहेर आले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले.

कारंजं कोरडं होतं. आज बंद असेल, दुरुस्तीला असेल, हे मनात यायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात बाकीचं दिसलं. पाकळ्यांना साखळ्यांनी सायकली बांधल्या होत्या, काही इतक्या जुन्या की साखळीच सायकलीला धरून होती. हौदात मासळीबाजारातले पांढरे थर्माकोलचे खोके ओळीने मांडले होते, खोक्यांत माती होती, मातीत पातीचा कांदा होता. पात चांगली तरारलेली होती. एका पाकळीवरून दुसरीवर दोरी होती आणि दोरीवर फडकी वाळत होती. हिराइवांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फडकी तशीच होती.

जिन्याशेजारी एक टपरी होती. वर 'कुवाबारा' अशी पाटी, आत सिगारेटी, च्युइंगम, स्वस्त छत्र्या आणि एक म्हातारी.

"आज पाणी बंद आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"स्टेशनात आहे की. संडासाशेजारी नळ आहे."

"कारंज्याचं म्हणतोय मी."

"कसलं कारंजं?"

त्यांनी हात वर करून दाखवलं.

"तो ऑक्टोपस होय. त्यात कुठलं आलंय पाणी. तेलाची टंचाई झाली ना, तेव्हा बंद केलं ते केलंच. माझा धाकटा पोटात होता. आता त्याला टक्कल पडायला लागलंय."

"पण नोव्हेंबरात..."

"नोव्हेंबरात आगीची कवायत असते. बंबाच्या नळ्या मागून आत घालतात आणि उडवतात वर. आम्ही बादल्यांची रांग लावायची, पोरांनी टोपड्या घालून पळायचं. थंडीत नुसता छळ. पण टोकियोहून कुणी बडा आगवाला साहेब येतो बघायला, म्हणून करावं लागतं सगळं नीट." बोलता बोलता तिने गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि थांबली. "अगंबाई. तुम्हीच की ते."



कुवाबारा आजी टपरीतून बाहेर आली आणि कमरेत वाकली. "चष्मा नव्हता हो सेन्सेई, ओळखलं नाही. घरून निघताना गॅस बंद केलाय मी. दोनदा बघितला. शेजारच्या मोरिबेबाईंना विचारा हवं तर. त्यांचा मात्र कधी बंद नसतो, हे मी बोलले म्हणून सांगू नका."

"मी तो नाही," असं हिराइवांना म्हणायचं होतं. मग आपण कोण, हे सांगायला मागचा ऑक्टोपस दाखवावा लागला असता.

"तुमचं भाषण पाठ आहे आम्हाला," आजी म्हणाली. "हे शहर पुन्हा जळता कामा नये. सुनेने शेगडीच्या वर लिहून लावलंय. तेव्हापासून एकदाही तवा करपला नाही."

चौक ओलांडून जाऊन हिराइवा कारंज्याच्या कठड्यावर बसले. पाय आपणहून बसले म्हटलं तरी चालेल. त्यांना सगळ्यात आधी बादल्या आठवल्या. आज्यांच्या हातातून हातात जाणाऱ्या बादल्या, त्यांनी डोळे भरून पाहिलेल्या. मग टोपड्या. मग तो शिट्टी वाजवणारा माणूस, ज्याला ते उत्साही नागरिक समजले होते. एक एक वर्ष मागे जाऊन ते तपासत होते आणि प्रत्येक वर्षात बंब उभा होता. त्यांनी बंबवाल्यांचे जाहीर आभारही मानले होते, कारंज्यावरच्या प्रेमाबद्दल. त्यावर हशा झाला होता. तो प्रेमाचा वाटला होता.

एक बाई आली, "जरा पाय घ्या," म्हणाली, आणि त्यांच्या पायांमागच्या खोक्यातून चार काड्या पात उपटून घेऊन गेली.

पालिकेच्या उद्यान विभागात प्रमुख मोतोगी होते, पन्नाशीचे, भल्या तोंडाचे. दारात हिराइवा दिसताच ते इतक्या झटक्याने उठले की चाकांची खुर्ची मागच्या कपाटावर जाऊन आदळली.

"सेन्सेई. आज... आज नोव्हेंबर नाही."

"नाही. फेब्रुवारी आहे."

"स्टेशनावरून टॅक्सीने आलात ना?"

"चालत. चौकातून."

"कडेने?"

"मधून."

"मधून कुणी येत नाही, सेन्सेई," मोतोगी म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती.

खोलीतल्या सगळ्यांना एकाच वेळी खूप काम निघालं. चहा आला. मोतोगींनी कपाला हात लावला नाही. दोन्ही हात टेबलावर टेकवले आणि कपाळ हातांवर टेकवलं, आणि तसंच, टेबलाशी बोलल्यासारखं सांगितलं. टंचाईच्या साली पंप बंद झाला. नोव्हेंबर आला आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की सेन्सेईंना बोलावणं गेलेलं आहे. आग प्रतिबंधाचा आठवडा असल्याने बंब चौकातच होता. तेव्हाचे महापौर म्हणाले, एवढी वेळ निभावून न्या.

"एवढी वेळ," हिराइवा म्हणाले.

"पुढच्या वर्षी मागच्या वर्षीसारखं झालं. मग ते होतच गेलं. मागच्या वर्षीसारखं करायला कुणाची परवानगी लागत नाही. न करायला लागते."

"पंप दुरुस्त नाही करता येत?"

"विकला. आणि हौदाखाली आता गाड्यांचं तळघर आहे. पाणी सोडलं तर गाड्यांवर पडेल. नोव्हेंबरात खालच्या गाड्या हलवून घेतो."

हिराइवांना वाटलं आता रागवायला हवं. राग येत नव्हता; छातीत नुसती एक मोठी मोकळी जागा झाली होती, आणि त्यांचे विचार तिच्या कडेकडेने चालले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "मग पाडलं का नाही? जागा स्टेशनासमोरची आहे. कुणीही पाडलं असतं."

मोतोगींनी डोकं वर केलं. "पाडायचं तर आधी आपल्याला कळवावं लागलं असतं."

"मग?"

"कळवणार कोण?" हे त्यांनी इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की हिराइवा क्षणभर उत्तर शोधू लागले. "माझ्या आधी चार प्रमुख झाले. प्रत्येकाने जाताना पुढच्याला किल्ल्या दिल्या, शिक्का दिला आणि हे दिलं. माझ्या आधीचे साहेब म्हणाले होते, मोतोगी, काळजी करू नकोस, आता फार वर्षं काढायची नाहीत." ते थांबले. "पण दर वर्षी आपली तब्येत उत्तम असते. साहेबच गेले, गेल्या वसंतात."

"ऐकून वाईट वाटलं," हिराइवा सवयीने म्हणाले.

म्हणजे ग्रंथालय लोकांना नकोसं होतं म्हणून पडलं नव्हतं, आणि कारंजं हवंसं होतं म्हणून उभं नव्हतं. तिकडे त्यांना कुणी ओळखत नव्हतं, एवढंच. इथे पाच माणसं, एकामागून एक, त्यांच्या तोंडावर एक वाक्य बोलायला घाबरली, आणि त्या भीतीवर पाच काँक्रीटच्या पाकळ्या उभ्या होत्या. इतका भक्कम पाया त्यांनी स्वतः कधी घातला नव्हता.

त्यांनी योकानचा खोका पुढे सरकवला आणि गप्प बसले. मोतोगींनी खोका दोन्ही हातांनी घेतला. 

"माझं नाव," हिराइवा एकदम म्हणाले. "कारंज्यावर माझं नाव लावता येईल का? छोटंसं. कुठेही."

 वर्तमानपत्रं, वकील, महापौरांच्या दारात उपोषण, यातल्या प्रत्येकाची मोतोगींनी मनातल्या मनात तयारी केली होती, याची नव्हती. "त्यावर?" त्यांनी विचारलं. "आता बघितल्यानंतरही?"

"दुसरं काही उरलेलं नाही."

मोतोगींचे डोळे भरून आले, आणि त्या माणसाने मनापासून प्रयत्न केला, हे लिहून ठेवायला हवं. त्यांनी सहकाऱ्यांना जवळ बोलावलं, फोन केले. पालिकेच्या नोकराचं नाव पालिकेच्या बांधकामावर लावता येत नव्हतं. महापौरांचं येत होतं. नवी स्मरणपाटी लावायची तर ज्याचं स्मरण करायचं तो हयात नसावा लागे, आणि तो मुद्दा कुणी मोठ्याने मांडला नाही. सगळे फोन संपल्यावर कोपऱ्यातल्या नागुमोबाई, विभागातल्या सर्वांत जुन्या, कामावरून मान न उचलता, पेन्सिल दाराकडे रोखून म्हणाल्या, "एक पाटी आहे की साहेब. तिच्यावर तर नाव घालावंच लागतं."

मोतोगींनी पेन्सिलीच्या रोखाने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "सेन्सेई, एक वाट आहे. मात्र मजकूर ठरलेला असतो. तो आम्हाला बदलता येणार नाही."

"नाव माझंच असेल?"

"पूर्ण नाव. स्पष्ट अक्षरात."

"मग मजकूर काहीही चालेल," हिराइवा म्हणाले, आणि उठून त्यांनी मोतोगींना वाकून नमस्कार केला. खोलीतले सगळेच उभे राहून वाकले.

घरी फुमिएने दारातच विचारलं, "मागितलं?"

"मागितलं. देताहेत."

"आणि कारंजं कसं आहे?"

"उभं आहे," ते म्हणाले.

एप्रिलात पाटी लागली. इसोतानीत शाळेचा वर्ग असो, कचेरी असो की सार्वजनिक न्हाणीघर, तिथली शेगडी विझली की नाही हे बघणाऱ्या माणसाच्या नावाची जी लहान पाटी दाराशी असते, ती. कारंज्याच्या कठड्यावर ती दोन स्क्रूंनी बसवली आहे. 'आगीची जबाबदारी: हिराइवा शिगेओ.' अक्षरं लाल आहेत. नियमाने लालच लागतात.